‘निधी पडून आहे’ हा समज खोटा आहे

विद्यापीठांच्या समारंभांत, विधिमंडळाच्या चर्चांत आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत एक विधान इतक्या वेळा केले जाते की ते तपासून पाहावे असे आता कुणाला वाटत नाही. विधान असे : संशोधनासाठी पैसा भरपूर आहे. केंद्राच्या योजना आहेत, परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, उद्योगांचा निधी आहे, पुरस्कार आहेत. आपल्या राज्य विद्यापीठांतले आणि महाविद्यालयांतले प्राध्यापक मात्र अर्जच करत नाहीत आणि केला तर तो टिकत नाही. पाठोपाठ उपदेशही येतो : रडगाणे थांबवा आणि स्पर्धेत उतरा. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तर पीएचडी करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार, असाच सवाल विचारला गेला. त्या सवालावर माना डोलावणारेही कमी नव्हते.

या विधानाचा प्रतिवाद करणे गरजेचे आहे, कारण त्याच्यावर धोरण उभे राहते. दोष एकदा संशोधकाच्या माथी मारला की सरकार मोकळे होते, विद्यापीठ मोकळे होते आणि संस्थाचालकही मोकळे होतात. माझे म्हणणे स्पष्ट आहे. बाहेरचा निधी मिळवायला ज्या चार गोष्टी आधी हाताशी असाव्या लागतात, त्या म्हणजे कायम नोकरी, चालू प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय, मोकळा वेळ आणि कागदपत्रे सांभाळणारे कार्यालय. राज्य विद्यापीठांतून या चारही गोष्टी वर्षानुवर्षे झिजू दिल्या गेल्या. आता त्याच विद्यापीठांना तुमचे अर्ज कुठे आहेत, असे विचारले जात आहे.

विरोधी बाजूच्या म्हणण्यात जेवढे खरे आहे, तेवढे आधी मान्य करतो. पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांत लेख देणारे, बढतीचे गुण भरून काढण्यासाठी चर्चासत्रांची प्रमाणपत्रे गोळा करणारे, दुसऱ्याचे प्रबंध फिरवून आपले म्हणणारे लोक आपल्याकडे आहेत. कायम नोकरी, चांगला पगार आणि हाताशी प्रयोगशाळा असूनही पंधरा वर्षांत एकही प्रस्ताव न लिहिणारे प्राध्यापकही आहेत. त्यांचा बचाव मी करणार नाही. पण प्रत्येक व्यवसायात असतात तशा या आळशी माणसांकडे बोट दाखवून सगळ्या व्यवस्थेचा हिशेब देता येत नाही. आळस सगळीकडे सारखा वाटलेला असतो. निधी मात्र सारखा वाटलेला नाही.

आता आकड्यांकडे येऊ. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात 1,168 विद्यापीठे, 45,473 महाविद्यालये आणि सुमारे 15.98 लाख शिक्षक होते. पीएचडीसाठी नाव नोंदवलेले विद्यार्थी 2.12 लाख होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये, शिक्षक दिनी, नव्या संशोधन योजना जाहीर केल्या. त्यांतली सेवेतल्या प्राध्यापकांसाठीची योजना दोन वर्षांकरिता 10 लाख रुपये देते आणि तिच्यात देशभरातून निवडले जाणार 200 जण. नव्याने रुजू झालेल्यांसाठी डॉ. डी. एस. कोठारी यांच्या नावाने अनुदान आहे, त्याच्या जागा 132. सोळा लाख शिक्षकांमागे दोनशे अनुदाने म्हणजे साधारण आठ हजार शिक्षकांमागे एक. समजा, उद्या सगळ्यांनी उत्तम अर्ज केले. तरी आठ हजारांतले 7,999 रिकाम्या हातानेच परततील. ज्या योजनेत एवढ्याच जागा आहेत, तिच्याकडे बोट दाखवून संधी मुबलक आहेत असे कसे म्हणता येईल?

आयोगाच्या लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्पांची आठवण महाविद्यालयांत आजही काढली जाते. तालुक्याच्या ठिकाणी शिकवणारा एखादा प्राध्यापक त्यातल्या लहानशा रकमेत आपल्या परिसरातल्या पाण्याचे नमुने तपासायचा, बोलीतले शब्द गोळा करायचा, आठवडे बाजाराचा अभ्यास करायचा. पुढच्या मोठ्या प्रस्तावासाठी लागणारा पहिला अनुभव त्यातून मिळायचा. बारावी पंचवार्षिक योजना मार्च 2017 मध्ये संपली आणि हा प्रवाहही आटला. पहिली पायरी काढून घेतल्यावर माणूस थेट तिसऱ्या पायरीवर का उडी मारत नाही, असे विचारणे अन्यायाचे आहे.

मोठ्या निधीचे चित्र याहून वेगळे नाही. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे एसईआरबी, 2008 च्या कायद्याने स्थापन झाले. त्याची जागा घेणारा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा 2023 मध्ये झाला, तेव्हा सरकारी पातळीवरूनच सांगण्यात आले की मंडळाच्या निधीतला सुमारे 65 टक्के वाटा आयआयटींकडे जातो आणि राज्य विद्यापीठांच्या वाट्याला 11 टक्के येतात. देशातले बहुसंख्य विद्यार्थी तर राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. हा असमतोल सरकारला ठाऊक आहे. 2022 मध्ये खास राज्य विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी ‘शुअर’ ही योजना काढली गेली, तीन वर्षांसाठी 30 लाखांपर्यंत अनुदान देणारी, ती याच जाणिवेतून. फाउंडेशनच्या नव्या ‘पेअर’ कार्यक्रमात नामवंत संस्था केंद्रस्थानी आहेत आणि बहुतेक राज्य विद्यापीठे त्यांच्या भोवतीच्या आऱ्यांसारखी जोडली आहेत. सहकार्याचे मी स्वागतच करतो. पण संशोधनाचा प्रश्न कुणी ठरवायचा, महागडे उपकरण कुठे ठेवायचे आणि लेखावर पहिले नाव कुणाचे, हे सगळे केंद्रस्थानी बसलेली संस्थाच ठरवणार असेल, तर भोवतालची विद्यापीठे कायमची मदतनीस राहतील.

मग असे म्हटले जाते की स्पर्धा तर गुणवत्तेवर होते आणि आयआयटीला जास्त मिळते कारण तिथले प्रस्ताव चांगले असतात. प्रस्ताव चांगला कसा होतो, हे जरा पाहू. परीक्षक विचारतात : प्राथमिक निष्कर्ष हाती आहेत का? उपकरणे आहेत का? यापूर्वी प्रकल्प पूर्ण केला आहे का? या प्रश्नांची ‘हो’ अशी उत्तरे देण्यासाठी आधी पैसा मिळालेला असावा लागतो. ज्याला एकदा मिळाले त्याला पुन्हा मिळते. ज्याला कधीच मिळाले नाही, त्याची पाटी कोरी राहते आणि ती कोरी आहे हेच पुढच्या नकाराचे कारण होते. याला गुणवत्तेची स्पर्धा म्हणणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे.

पहिली अट तर त्याहूनही आधी आडवी येते. बहुतेक प्रकल्पांना प्रकल्पप्रमुख कायम पदावरचा लागतो. महाराष्ट्रात वरिष्ठ महाविद्यालयांतल्या आणि विद्यापीठांच्या विभागांतल्या हजारो जागा रिकाम्या आहेत आणि त्यांवर तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, माणसे राबवली जातात. त्यांच्याकडे पीएचडी आहे, नेट-सेट आहे, प्रकाशित लेख आहेत. दर तासाच्या हिशेबाने मानधन मिळते आणि तेही महिनोन्‌महिने रखडते. ही माणसे प्रकल्पप्रमुख म्हणून अर्जच करू शकत नाहीत, कारण पुढच्या जूनमध्ये आपण त्या महाविद्यालयात असू की नाही, हे त्यांनाच माहीत नसते. राज्याच्या उच्च शिक्षणाचा एवढा मोठा भार वाहणाऱ्या वर्गाला नियमानेच बाहेर ठेवायचे आणि मग अर्ज येत नाहीत म्हणून बोलायचे, हे कोणत्या न्यायात बसते?

जे कायम आहेत त्यांच्या वेळेचाही हिशेब घ्या. आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. पाच मंजूर पदांच्या विभागात दोघेच उरले की उरलेल्यांचे तासही त्यांच्याच अंगावर येतात. त्यावर प्रवेशप्रक्रिया, पर्यवेक्षण, उत्तरपत्रिका, नॅकच्या फायली आणि निवडणुकीचे काम. तीस-चाळीस पानांचा प्रस्ताव, अंदाजपत्रक, संस्थेचे हमीपत्र आणि नैतिक समितीची परवानगी हे सगळे या माणसाने रात्री घरी बसून एकट्याने उभे करायचे असते. मोठ्या संस्थांत याच कामासाठी स्वतंत्र अधिष्ठाता, लेखापाल आणि खरेदी विभाग असतो.

निधी मंजूर झाला तरी गाडे सुरळीत चालत नाही. पहिला हप्ता येतो तेव्हा आर्थिक वर्षाचे मोजके महिने उरलेले असतात. मग कोटेशन, खरेदी समिती, टेंडर. तोवर 31 मार्च येतो आणि खर्च न झालेली रक्कम परत जाते. दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर अडतो आणि प्रमाणपत्र विद्यापीठाच्या लेखा विभागातल्या एकाच कारकुनाच्या टेबलावर पडून राहते. प्रकल्पावर नेमलेल्या तरुण सहायकाला सहा-सहा महिने पगार मिळत नाही. त्यात करांची भर. वैज्ञानिक उपकरणांवरचा सवलतीचा 5 टक्के जीएसटी जुलै 2022 मध्ये गेला आणि 18 टक्के लागू झाला. तीच रक्कम, तेच मंजूर अंदाजपत्रक आणि हाती येणारे उपकरण मात्र लहान. 2024 मध्ये तर संशोधन अनुदानावरच जीएसटी मागणाऱ्या नोटिसा संस्थांना गेल्या. आरडाओरड झाल्यावर सप्टेंबर 2024 च्या बैठकीत जीएसटी परिषदेने या अनुदानांना करातून सूट दिली. ‘निधी खर्चच होत नाही’ या तक्रारीमागे हा सगळा इतिहास आहे. ती तक्रार करणाऱ्यांनी एकदा तरी प्रकल्पाची फाईल हातात घेऊन विद्यापीठाच्या मजल्यांवरून फिरावे.

पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रकरण याहून गंभीर आहे. जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपची, रक्कम जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली, हे चांगले झाले. पण ती परीक्षेच्या चाळणीतून वर आलेल्या थोड्यांसाठी आहे. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएचडी विद्यार्थ्याला 8,000 रुपये मिळतात, तेही 2012 पासून तेवढेच. राज्य विद्यापीठातल्या त्याच्यासारख्याच विद्यार्थ्याला केंद्राकडून तेही नाहीत. अल्पसंख्याक समाजातल्या विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप 2022 मध्ये बंद झाली. ही पोकळी भरून काढण्याचे काम महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांनी फेलोशिप देऊन केले आणि त्यासाठी महाराष्ट्राने अभिमान बाळगावा. पण पुढे काय झाले? 2023 मध्ये प्रत्येक संस्थेच्या फेलोशिप दोनशेवर आणण्याचे ठरले. डिसेंबर 2023 मध्ये त्यासाठी चाळणी परीक्षा घेतली, तिच्यात 2019 च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका उमेदवारांच्या हाती पडली. जानेवारी 2024 मध्ये फेरपरीक्षा ठेवली, तर प्रश्नपत्रिकांचे संच मोहोरबंद नसल्याच्या तक्रारी झाल्या आणि विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. प्रबंधाचे काम सोडून शेकडो संशोधक आझाद मैदानावर बसून राहिले. काय दिवे लावणार, हा सवाल त्यांना विचारला गेला. एक साधी परीक्षा नीट घेता येत नाही, हे ज्या यंत्रणेने दाखवून दिले, तिला तो कुणी विचारला नाही.

फेलोशिप वेळेवर न मिळण्याचा अर्थ काय, हे महाराष्ट्राला तरी नव्याने सांगायला नको. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला अभ्यास सुरू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये काम अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसे साठवून, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेऊन ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली. एवढ्या असामान्य माणसाचीही तीन वर्षे शिष्यवृत्ती तुटल्यामुळे गेली. सामान्य घरातली मुलगी अशी तूट भरून काढू शकत नाही. ती संशोधनच सोडते.

पुरस्कारांची गोष्टही याच साखळीत बसते. आपल्या विद्यापीठांना पुरस्कार का मिळत नाहीत, असे विचारणारे वयाची अट विसरतात. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार 1958 पासून दिला जात होता, त्याची वयोमर्यादा 45. त्याच्या जागी आलेल्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारातल्या ‘विज्ञान युवा’ विभागालाही तीच. इन्फोसिस पुरस्काराने 2024 पासून मर्यादा 40 वर आणली. आता सीएचबीवर दहा वर्षे काढून चाळिशीत कायम झालेल्या प्राध्यापकाचे गणित मांडून पाहा. त्याची प्रयोगशाळा उभी राहायच्या आतच त्याचे वय निघून गेलेले असते. शिवाय 2022 मध्ये केंद्राने विज्ञान खात्यांचे बहुतेक पुरस्कार बंद करण्याचे ठरवले. नव्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारात पदक आणि प्रमाणपत्र आहे, रोख रक्कम नाही. सन्मान म्हणून त्याचे मोल मोठेच आहे; पण प्रयोगशाळेतला रसायनांचा खर्च त्यातून भागत नाही, म्हणून संशोधन-निधीच्या यादीत त्याची गणना करू नये.

मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांची तर या चर्चेत दखलही घेतली जात नाही. अनुसूचित जातींच्या आणि इतर वंचित घटकांच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून 2022 मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताच्या सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले गेले. म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला जातिव्यवस्थेवर परदेशी विद्यापीठात संशोधन करायचे असेल, तर त्याच्यासाठी ही योजना नाही. मराठीतून विचार करणाऱ्या, मराठी कागदपत्रांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला प्रस्ताव मात्र इंग्रजीतच लिहावा लागतो आणि तो वाचणाऱ्या परीक्षकाला ते कागद कळतीलच असे नाही.

शेवटचा युक्तिवाद उरतो : सरकारकडे किती दिवस हात पसरणार, उद्योगांकडून पैसा आणा. उद्योगांनी पैसा द्यावा, हे मलाही मान्य आहे, आणि महाराष्ट्राला खासगी देणग्यांचा वारसाही आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये सुरू झाले, त्यासाठी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लाख रुपये देऊ केले होते. 1,259 हस्तलिखिते ताडून 19 खंडांची ही आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण झाली. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, यूडीसीटी, 1933 मध्ये सुरू झाला आणि उद्योगांच्या देणग्यांवर आणि सल्ल्याच्या कामावर वाढला. तिथले प्रा. मनमोहन शर्मा यांना 1973 मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला आणि 1990 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच विभागात शिकलेले रघुनाथ माशेलकर टाटा ट्रस्टच्या महिना 60 रुपयांच्या शिष्यवृत्तीवर शिकले. या तिन्ही उदाहरणांत देणाऱ्यांनी धीर धरला होता. महाभारताच्या कामाला 47 वर्षे लागली. दोन वर्षांत निष्कर्ष आणि तिसऱ्या वर्षी पेटंट मागणारी आजची योजना त्या कामाला उभेच करणार नाही. आणि या संस्थांत पूर्णवेळ काम करणारे विद्वान होते. बाहेरचा पैसा कायम पायाच्या वर उभा राहतो. पायाची जागा तो घेत नाही.

सरकारने मात्र नेमके उलट गृहीत धरले आहे. नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे 2023 ते 2028 या पाच वर्षांचे 50,000 कोटी मोठ्या अक्षरांत छापले गेले; त्यांतले सरकारचे 14,000 कोटी, उरलेले 36,000 कोटी उद्योग, दाते अशा इतरांकडून यायचे आहेत. म्हणजे दर शंभरांतले बहात्तर रुपये अपेक्षेच्या खात्यावर. जुलै 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख कोटींची संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना मंजूर केली. ती प्रामुख्याने खासगी क्षेत्राला स्वस्त, दीर्घ मुदतीचे भांडवल देण्यासाठी आहे. विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या विभागाला तिचा उपयोग नाही. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के आहे, दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या आसपास. एवढ्या तुटपुंज्या खर्चाच्या देशात निधी पडून आहे असे म्हणणे, हा लोकांची दिशाभूल करणारा प्रचार आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. राज्याने विद्यापीठांतल्या आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या रिकाम्या जागा ठरलेल्या मुदतीत भराव्यात आणि तोवर पीएचडीधारक सीएचबी प्राध्यापकांना विद्यापीठाच्या हमीवर प्रकल्प मागू द्यावा. प्रत्येक विद्यापीठाने पूर्णवेळ कर्मचारी असलेले संशोधन कार्यालय उघडावे, प्रस्तावाचे अंदाजपत्रक त्याने करावे, उपयोगिता प्रमाणपत्र ठरलेल्या दिवसांत द्यावे आणि फेलोशिप रखडली तर विद्यापीठ निधीतून बिनव्याजी उचल द्यावी. लघु संशोधन प्रकल्प राज्याने स्वतःच्या पैशाने पुन्हा सुरू करावेत आणि मराठीत लिहिलेले प्रस्ताव मराठी जाणणाऱ्या परीक्षकांकडून तपासून घ्यावेत. नोंदणी झाल्यानंतर फेलोशिपच्या जागा कमी करण्यास कायमची बंदी असावी. केंद्राने राज्य विद्यापीठांचा वाटा 11 टक्क्यांवरून किती आणि कधीपर्यंत वाढवणार, ते लेखी सांगावे.

आणि एक मागणी आरोप करणाऱ्यांकडेच. प्रत्येक योजनेत कोणत्या संस्थेतून किती अर्ज आले, किती मंजूर झाले, पहिला हप्ता मंजुरीनंतर किती दिवसांनी मिळाला आणि किती रक्कम कोणत्या कारणाने परत गेली, हे दरवर्षी जाहीर करा. प्राध्यापक आळशी आहेत की यंत्रणा, ते त्या तक्त्यावरून सगळ्यांना दिसेल. तो तक्ता प्रसिद्ध होईपर्यंत राज्य विद्यापीठांतल्या संशोधकांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही.